घर क्रमांक अकरा

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी सव्वाअकरा, नकाशाची खोली.

नवी वही काढली. ही कोणी वाचायची नाही. प्राजक्ताने, माझ्या पोरीने, तर नाहीच नाही.

परवा प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले की एप्रिलपासून नकाशाच्या खोलीत कॉम्प्युटर बसणार. तेव्हा भूगोल विभागाचा अटेंडंट निदान बी.ए.चं पहिलं वर्ष पास हवा. नसेल तर गेटवर जागा रिकामी आहे.

गेटवर! बावीस वर्षं मी या खोलीत जग उलगडतोय, टांगतोय, परत गुंडाळतोय. आफ्रिकेच्या कोपऱ्याला चिकटपट्टी मी लावली. किल्ली माझ्याकडे, कुलूपसुद्धा मी घरून आणलेलं, कॉलेजचं पहिल्याच पावसाळ्यात गंजलं म्हणून. मी म्हटलं, सर, प्रायव्हेट फॉर्म भरलेला आहे. ते म्हणाले की मग झालं तर.

तृप्ती मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या नव्या हेड, म्हणतात की बाकीचे पेपर निघून जातील, अडाल तर मानव भूगोलात अडाल. मला हसूच आलं. मानव आणि भूगोल, दोन्ही मला माहीत.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. रोज दोन धडे. एकोणीस धडे, दहा दिवस. उरलेल्या वेळात प्राजक्ताला शिकवणे. तीही याच वर्षाला आहे, रेग्युलर. पोरगी हुशार आहे, पण पाया कच्चा असणार.

५ जानेवारी, सोमवार

पाचला उठलो नाही. थंडी फार. तापीवरून वारा येतो तो थेट लोधीपुऱ्यात, आमच्या मोरीच्या झरोक्यातून.

मात्र पहिला धडा वाचला, उन्हात बसून. पुस्तक हिंदीत आहे, इथलं विद्यापीठच हिंदी. त्यात निश्चयवाद म्हणून एक आहे: माणूस काय करणार हे निसर्ग ठरवतो. माणसाच्या हातात काही नाही. वाचून फार बरं वाटलं. म्हणजे पाचला न उठणं हा माझा दोष नाही, हवामानाचा आहे. सुलभाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली की मग मला का नाही लागत हो थंडी, मी तर पाचला उठून राहिले. तिला शास्त्रीय दृष्टी नाही. बायको आहे, जसोंडीची शेतकऱ्याची मुलगी, तिच्याकडून अपेक्षाही नाही.

११ जानेवारी, रविवार

दुसऱ्या धड्यात संभववाद निघाला. निसर्ग फक्त संधी देतो, निवड माणूस करतो. पहिल्या धड्याच्या अगदी उलट. पुस्तकवाल्यांचंच एकमत नाही तर विद्यार्थ्याने काय करायचं? ते आपसात मिटवतील तोपर्यंत पुढे वाचणं योग्य नाही.

१९ जानेवारी, सोमवार. दुपारी चार.

मॅडमनी सर्व्हेचे फॉर्म वाटले. प्रत्येकाने एक गाव किंवा मोहल्ला घ्यायचा, पंचवीस घरं. प्रत्येक फॉर्मला अठरा रकाने: कुटुंबप्रमुख, वय, माणसं किती, धंदा काय, कोण बाहेरगावी गेलं, का गेलं, किती वेळा येतं. बाहेरचे परीक्षक तोंडी घेणार, तारीख सतरा मार्च. यात नापास तर लेखीला बसूच देत नाहीत. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या की वामनभाऊ, खुद जाके पूछना है, घर बैठे नहीं चलेगा.

माझ्याकडेच बघून का म्हणाल्या कळलं नाही.

मी जसोंडी घेतली. सासुरवाडी. समाधान, माझा मेहुणा, तिथेच केळी लावतो. एका दिवसाचं काम आहे. प्राजक्ताने लोधीपुरा घेतला. घराच्या दाराशीच सर्व्हे करणार. महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच या पिढीत.

१ फेब्रुवारी, रविवार

आज जसोंडीला जाणार होतो. बस चुकली. म्हणजे बस वेळेवर होती.

८ फेब्रुवारी, रविवार

समाधानचा फोन, की केळीची कटाई चाललीय, ट्रक लागलाय, या पण बोलायला कोणी सापडणार नाही. लोक कामात असताना त्यांना छळणं संशोधकाला शोभत नाही. रद्द.

प्राजक्ता चौदा घरं करून आली. चेहरा उन्हाने लाल. एका घरात तिला पोहे दिले, एकात कुत्रं अंगावर आलं, एका बाईने हाकललं आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत येऊन परत बोलावून सगळं सांगितलं, रडली पण. हे ती जेवताना सांगत होती. मी म्हटलं की नुसतं फिरणं म्हणजे भूगोल नव्हे, तसं असतं तर पोस्टमन प्रोफेसर झाले असते. तिने वरण वाढून घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपवासात प्रवास करू नये.

१ मार्च, रविवार. दुपारी.

युक्ती सुचली. इतकी चांगली की दोन वेळा उठून बसलो.

समाधानच्या लग्नात पत्रिका वाटायची यादी माझ्या हातची आहे, कारण सासरी अक्षर माझंच चांगलं. दोन हजार तीन साल. अख्खी जसोंडी त्यात आहे, घरवार, गल्लीवार. शिवाय प्रत्येक नावापुढे खूण: काहींपुढे घरटी एक, म्हणजे त्या घरचं एकच माणूस जेवायला, आणि काहींपुढे चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. म्हणजे कुटुंब लहान की मोठं, तेही यादीतच आहे. ही जनगणना नाही तर काय?

लोखंडी पेटी उघडली. सुलभाने विचारलं, काय शोधून राहिले. म्हटलं, आपल्या लग्नाचा फोटो. तिला बरं वाटलं. चहा दिला.

३ मार्च, मंगळवार. होळीची सुट्टी.

दहा फॉर्म पूर्ण. पद्धत अशी. चूलबंद असेल तर माणसं सात. घरटी एक असेल तर तीन. वय: तेव्हा डोळ्यांसमोर जसे होते त्यात तेवीस मिळवायचे. धंदा सगळ्यांचा केळी, तिथे दुसरं आहे काय.

एकच अडचण आली, मधल्या काळात कोणी वारलं असेल तर. पण पुस्तकात पाहिलं, मृत्युदर हजारी सहा-सात. पंचवीस घरांत माणसं सव्वाशे. म्हणजे वर्षाला पूर्ण एक माणूसही मरत नाही. म्हणून मी कोणालाच मारलं नाही.

सांगायचं म्हणजे हे काम करताना मजा आली. माणसं आपोआप बोलायला लागतात. घर क्रमांक अकरा, पंडित श्रावण कडू, चूलबंद. हे मला अंधुक आठवतात, पांढरी टोपी, हसरा माणूस. त्यांना मी एकाहत्तर वर्षांचं केलं, मुलगा-सून-नातवंडं दिली. पण सगळ्या घरांत सगळे घरीच आहेत असं दाखवलं तर स्थलांतराचे रकाने रिकामे राहतात. म्हणून मुलाला नोकरीसाठी बाहेरगावी पाठवला. सतरावा रकाना, बाहेर गेलेला सदस्य किती वेळा येतो: दर रविवारी. त्यावर घरच्यांचं म्हणणं: समाधानी.

७ मार्च, शनिवार

पंचवीस पूर्ण. निळ्या फायलीत लावले. अक्षर बघून मॅडम म्हणाल्या, वा. आत काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही, ते परीक्षक बघतील.

प्राजक्ताची फाइल बघितली. खाडाखोड. एका फॉर्मवर तेलाचा डाग. तिच्या लोधीपुऱ्यात तीन घरांत तर प्रश्नांची उत्तरंच मिळाली नाहीत, तसं लिहून ठेवलंय. मी तिला म्हटलं की थोडं नीटनेटकं करावं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जसोंडीला कधी गेला होता? म्हटलं, तू कॉलेजात असताना. खोटं नाही ते. कधी ना कधी गेलोच असेन.

१७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी सहा.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

तोंडी परीक्षा साडेतीनला माझ्याच नकाशाच्या खोलीत. बाहेरचे परीक्षक म्हणजे पन्नाशीचे एक शांत सर. नाव आधी कळू देत नाहीत, नियम आहे. मी सकाळी खोली झाडली, भारताचा नकाशा सरळ केला, त्यांच्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवली. मनात म्हटलं, घरच्या मैदानावर कोण हरतो.

प्राजक्ताला दहा मिनिटं बसवलं, बाहेर आली ती हसत. मग मी.

सर फॉर्म चाळत होते. अक्षर सुंदर आहे म्हणाले. मग एका फॉर्मवर थांबले. बराच वेळ. मला वाटलं आवडला. विचारलं की घर क्रमांक अकरा, पंडित कडू, यांना तुम्ही स्वतः भेटलात का. मी म्हटलं, हो तर, ओट्यावर बसलो, चहा झाला. तब्येत कशी होती, विचारलं. उत्तम म्हटलं. काय बोलले? आणि मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं की सर रंगलेत, तर आपणही रंगवावं. म्हटलं, मुलाचं फार कौतुक सांगत होते. मोठा झाला, बाहेर गेला, पण दर रविवारी येतो, आला की माझ्या ताटात जेवतो, असं म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले की ते माझे वडील. जाऊन सात वर्षं झाली.

पंख्याचा आवाज येत होता. तृप्ती मॅडम खाली बघत होत्या. मी काय म्हटलं ते आठवत नाही. बहुतेक, बरं, असं म्हटलं.

सरांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ओरडले नाहीत. चोवीस फॉर्म बाजूला केले, एक कोरा फॉर्म पुढे ठेवला. म्हणाले, पंचवीस नकोत. एकच घर करून आणा, हेच. घराला कुलूप असेल, शेजारी विचारा, तशी रीत आहे. जे खरं असेल ते लिहा. सोमवारी अकराला मी परत येतोय. अठराही रकाने भरलेले असले तर पास करीन, एकही कोरा राहिला तर नाही.

१७ मार्च, रात्रीच्या जेवणानंतर

सुलभाला सांगावं लागलं. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, अहो, पंडितकाका गेले तेव्हा तेरवीला तुम्ही आला होतात की. पंगतीत बसलात. शिरा दोनदा मागून घेतलात.

आठवलं. शिऱ्यात वेलची जास्त होती. शिरा आठवला, माणूस नाही.

१८ मार्च, बुधवार

दोष कोणाचा याचा शांतपणे विचार केला. एक, परीक्षकाचं नाव गुप्त ठेवण्याचा नियमच चुकीचा. दोन, गावातली पोरं शिकून परीक्षक होतात हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. तीन सुचला नाही.

 आज सकाळी माझ्या पिशवीत प्राजक्ताचं क्लिपबोर्ड आणि दोन पेनं दिसली. तिनेच ठेवली असणार.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

गेलो. दहाची बस वेळेवर होती आणि मीही होतो.

कुलूप आहे. गंजलेलं. ओट्याच्या फटीत एरंड उगवलाय. शेजारी गोदाबाई, सत्तरीच्या पुढच्या. जावईबापू, या, म्हणाल्या, आत बोलावलं, पाणी दिलं, मग विचारलं काय काम काढलं. क्लिपबोर्ड बघून त्यांना वाटलं लाइटबिलवाला आलोय.

मी एकेक रकाना विचारत गेलो. त्या एकेक सांगत गेल्या. माणसं: कोणी नाही. पूर्वी: दोन, आणि बाई गेल्यावर एक. म्हणजे माझ्या यादीतलं चूलबंद बरोबर होतं त्या वेळेला, नंतर खरंच चूल बंद झाली. धंदा: केळी, मग जमीन बटाईने दिली. बाहेर कोण गेलं: मुलगा, शिकायला, मग नोकरीला. का गेला: गोदाबाई म्हणाल्या की बापानेच पाठवला, म्हणे इथे राहिला तर माझ्यासारखा घड उचलत राहील.

मग सतरावा. किती वेळा यायचा.

गोदाबाईंनी दारातून शेजारच्या ओट्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, जावईबापू, आधी आधी येत होता. मग दिवाळीला. मग फोनवर. पण पंडितभाऊ दर रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून या ओट्यावर बसायचे. अकराच्या बसपासून पाचच्या बसपर्यंत. जेवायला या म्हटलं तर म्हणायचे, थांबतो, आला की सोबत बसतो. नाही आला की म्हणायचे पोराला पेपर तपासायचे असतील. कधी म्हणायचे रस्ता खराब आहे. शेवटच्या वर्षी तर म्हणायचे की आज ड्रायव्हर नवा होता, त्याला थांबा माहीत नसेल, माझा पोरगा पुढे निघून गेला असेल. पुढे जाऊन उतरला असेल आणि चालत येत असेल.

मी लिहून घेत होतो. ड्रायव्हर नवा होता, इथवर लिहिलं आणि हात थांबला. हे असले बहाणे मला चांगले माहीत आहेत. माझ्या या वहीत पानोपानी आहेत. फक्त मी ते स्वतःसाठी करतो आणि त्या माणसाने ते सगळे मुलासाठी केले.

गोदाबाईंनी विचारलं, पोराची भेट होते का तुमची? म्हटलं, उद्या आहे. त्या म्हणाल्या की त्याला म्हणा बरं आहे सगळं. मग चहा टाकला.

येताना बसमध्ये खोडरबरने सतरावा रकाना पुसला. सगळं पेन्सिलने लिहिलं होतं म्हणून जमलं. आता बाकीचे सतरा पेनाने गिरवतो. प्राजक्ता म्हणत होती पेनाने लिहा.

२३ मार्च, सोमवार. रात्री.

सर अकराला आले. फॉर्म वाचला, सावकाश, दोनदा. सतरा रकाने पेनाने, स्वच्छ. एक कोरा. त्यावर बोट ठेवून विचारलं, हा?

मी म्हटलं, विचारायचा राहिला, साहेब. विसरलो.

तृप्ती मॅडम मध्ये पडल्या, की सर, एक ही तो है, फोन पे पूछ लेंगे. सरांनी स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तुमचा मेहुणा आहे ना तिथे, लावा, गोदाकाकूंना द्यायला सांगा, आत्ता भरून टाका. अगदी हळू म्हणाले. मोबाइल तिथेच होता, माझ्या हातापासून वीतभर. मला नकाशाची खोली दिसत होती, सगळी, माझ्या हातची. आफ्रिकेची चिकटपट्टीसुद्धा.

मी म्हटलं की समाधानचा नंबर पाठ नाही.

सरांनी कागद उजेडाकडे धरला, परत खाली ठेवला. पेन्सिलचा वळ राहतो का खोडल्यावर? मी दाबून लिहितो. विचारलं, गोदाकाकू काही म्हणाल्या का. म्हटलं, हो, त्याला म्हणा बरं आहे सगळं. त्यांनी मान हलवली. मग फॉर्मवर लाल शाईने नियमाप्रमाणे शेरा मारला आणि सही करायला त्यांना जरा वेळ लागला.

नापास.

घरी सांगितलं की विसरलो. सुलभा म्हणाली, तुम्ही विसरभोळेच. मग संध्याकाळी तिने गोदाबाईला फोन केला, दार लावून, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. ताटात भाकरी वाढली ती तूप लावून. तूप आमच्याकडे सणालाच असतं.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी सहा वाजून पंचवीस, गेट.

पाचला उठलो. गेटची ड्युटी साडेसहाची असते. जानेवारीचा निश्चय अखेर पूर्ण झाला, याची नोंद असावी.

स्टूल बरं आहे. एक पाय आखूड, कागद घातला की बसतं. समोरचा रस्ता दिसतो. आत येणाऱ्याचं नाव, गाव आणि काम रजिस्टरमध्ये लिहायचं. एकूण हाही एक प्रकारचा मानव भूगोलच आहे, उलट जास्त प्रॅक्टिकल. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरेन. या वेळी डिसेंबरातच सुरुवात करायची. पहिले दोन धडे तर झालेलेच आहेत.

सकाळी साडेदहा

प्राजक्ता लेखी पेपरला आत गेली. मैत्रिणी सोबत होत्या. मला वाटलं ओळख दाखवणार नाही, मी रजिस्टरमध्ये बघत होतो. ती थांबून पाया पडली, गेटवरच. म्हणाली, आईने सांगितलं मला. मी म्हटलं, पेपर नीट वाच आधी.

दुपारी एक

नकाशाच्या खोलीत कॉम्प्युटर आले. नवीन पोराने जगाचा नकाशा उलटा गुंडाळला म्हणे, छापील बाजू बाहेर. शाई जाणार. कोणाला सांगायचं?

दुपारी तीन

तृप्ती मॅडम स्वतः गेटपर्यंत आल्या. खोलीची किल्ली मागितली. दिली. कुलूप माझं घरचं आहे, ते मागावं की राहू द्यावं, याचा विचार करतोय.